फोनवरून ऐकलेला खोकला

"डॉक्टर, आईच्या खोकल्याचा आवाज व्हॉट्सॲपवर पाठवलाय, ऐकून गोळी सांगा." अंबडमध्ये दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला असा निरोप अधूनमधून येतोच. पाठवणारा बहुतेक वेळा एमआयडीसीत शिफ्टला असतो, सुट्टी मिळत नाही आणि घरी म्हातारी आई खोकत असते. बऱ्याच जणांना वाटतं, ही मोबाईलच्या जमान्यातली नवी टूम आहे. पण ही टूम १४० वर्षांहून जुनी आहे.

ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्ये मिळालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १८७९ मध्ये, लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटीशी हकिगत छापून आली. मध्यरात्री घरातल्या बायकांना वाटलं की बाळाला क्रूप झालाय. क्रूप म्हणजे स्वरयंत्राला सूज येऊन कुत्रा भुंकल्यासारखा खोकला येतो तो आजार. त्या काळी त्यामागे घटसर्प असला तर बाळ हाती लागत नसे. डॉक्टरांना फोन लावला गेला. डॉक्टर म्हणाले, बाळाला फोनजवळ धरा, मला खोकला ऐकू द्या. त्यांनी ऐकलं, हा क्रूप नव्हे असं सांगितलं आणि सगळे निर्धास्त झोपी गेले.

मला या गोष्टीत एक खुपतं. गोष्ट त्या रात्रीतच संपते. सकाळी बाळ कसं होतं, कुणी विचारपूस केली का, याबद्दल त्यात अक्षर नाही. दूर बसून श्वासाच्या रुग्णाची काळजी घेण्याचा जो इतिहास मी आज सांगणार आहे, त्यात हा सकाळचा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल.

हा विषय छातीच्या तज्ज्ञांपुरता नाही, हेही आधीच सांगतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या ८८० गावा-शहरांमधल्या सात हजारांहून अधिक डॉक्टरांकडे आलेल्या रुग्णांची नोंद केली. दोन लाखांहून जास्त रुग्ण. त्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक जणांची तक्रार श्वसनमार्गाची होती. फॅमिली डॉक्टरकडचा दर दुसरा माणूस खोकला, सर्दी, दम किंवा कफ घेऊन येतो, असा त्याचा सरळ अर्थ.

आवाजाचा आकडा कसा झाला

१८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची घट्ट सुरळी करून एका तरुण स्त्रीच्या छातीला लावली. तोवर डॉक्टर थेट छातीलाच कान लावत, आणि इथे ते संकोचाचं होतं. सुरळीतून आवाज उलट जास्त स्पष्ट आला. तिचा पुढे स्टेथोस्कोप झाला. म्हणजे डॉक्टर आणि रुग्णाची छाती यांच्यात पहिलं अंतर पडलं ते वीतभराचं. (लेनेक स्वतः १८२६ मध्ये क्षयाने गेला. ज्या छातीच्या आजारांचे आवाज त्याने जगाला ऐकवले, त्यातल्याच एकाने.)

पण स्टेथोस्कोपचा आवाज ज्याच्या कानात, त्यालाच कळतो. तो चिठ्ठीत लिहून दुसऱ्या गावी पाठवता येत नाही. दूर पाठवायचा तर श्वासाचा आकडा व्हायला हवा. ते काम १८४६ मध्ये जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने केलं. पाण्यात उलटं ठेवलेलं भांडं आणि त्यात फुंकायची नळी, असा त्याचा स्पायरोमीटर होता. दोन हजारांहून अधिक माणसांना त्यात फुंकायला लावून त्याने प्रत्येकाच्या छातीत किती हवा मावते ते मोजलं. मात्र हे यंत्र उचलून घरी नेण्यासारखं नव्हतं.

घरी नेण्याजोगं यंत्र यायला आणखी शंभरेक वर्षं लागली. मार्टिन राइट हा ब्रिटिश डॉक्टर वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांवर काम करणाऱ्या केंद्रात होता. धुळीने कोणाची छाती किती बिघडली हे झटपट कळायला हवं होतं. १९५९ मध्ये त्याने पीक फ्लो मीटर जगापुढे आणलं. पूर्ण श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एकदाच जोरात फुंकायचं. मिनिटाला किती लिटर या वेगाने हवा बाहेर पडली ते काटा दाखवतो. आज याच तत्त्वावरचं प्लास्टिकचं मीटर काही शे रुपयांत मिळतं. दमा असलेल्या माणसाची फुंकर अनेकदा त्याला धाप जाणवायच्या आधीच घसरू लागते. आपला नेहमीचा चांगला आकडा माहीत असावा. त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर सावध व्हायचं आणि निम्म्याच्या खाली गेलं तर दवाखाना गाठायचा. अंबडच्या कारखान्यांत वेल्डिंग, ग्राइंडिंग, पेंटिंगच्या कामावर असणाऱ्या दम्याच्या रुग्णांनी कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी फुंकर मारून दोन्ही आकडे लिहून ठेवले, तर त्रास कामाच्या जागेमुळे वाढतोय का हे महिन्याभरात कळू शकतं. या मीटरचं आपल्याकडे जेवढं चीज व्हायला हवं तेवढं झालं नाही, असं माझं मत आहे. पंप महाग वाटतो पण घेतला जातो. मीटर स्वस्त असूनही घेतलं जात नाही.

दुसरा मोठा आकडा जपानमधून आला. ताकुओ आओयागी हा निहॉन कोडेन कंपनीतला इंजिनिअर हृदयातून किती रक्त बाहेर पडतं ते कानाच्या पाळीवर प्रकाश टाकून मोजायचा प्रयत्न करत होता. नाडीच्या ठोक्यांमुळे त्याच्या मोजणीत सतत थरथर यायची. ती काढून टाकण्याच्या खटपटीत त्याच्या लक्षात आलं की ही थरथर फेकून द्यायची वस्तूच नाही. ठोक्यासरशी जे रक्त बोटात किंवा पाळीत येतं ते धमनीतलं असतं, आणि दोन रंगांच्या प्रकाशाने त्यातला ऑक्सिजन मोजता येतो. १९७४ मध्ये त्याने हे मांडलं. पुढे भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हे यंत्र ऑपरेशन थिएटरात आणलं, आणि नव्वदच्या दशकात ते बोटाला चिमट्यासारखं लावण्याइतकं लहान झालं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. नेमके त्याच दिवसांत जगभरचे लोक त्यांचं यंत्र घ्यायला मेडिकलच्या दुकानांसमोर रांगा लावत होते.

गडचिरोलीचे मणी

या इतिहासातलं मला सर्वांत आवडणारं यंत्र मात्र ना लंडनचं, ना टोकियोचं. त्याला बॅटरी नव्हती, वायर नव्हती आणि ते आपल्या महाराष्ट्रातलं आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने एक प्रश्न हाती घेतला. पाच वर्षांखालची मुलं न्यूमोनियाने मरत होती आणि डॉक्टर कित्येक किलोमीटर दूर होते. पावसाळ्यात तर रस्ताही नसायचा. न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप किंवा छातीचा फोटो लागतोच असं नाही, हे तोवर कळलं होतं. खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटात किती वेळा होतो हे मोजलं तरी बरंच निदान होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, हे आजही जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत.

अडचण अशी की गावातल्या सुईणींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि साठपर्यंत मोजताही येत नव्हतं. मग एक साधी पाटी तयार केली गेली. तिच्यावर एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घडीतली वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

पण पाटीइतकंच महत्त्वाचं काहीतरी त्या सुईणीच्या आणि आरोग्यसेवकाच्या पिशवीत होतं. ते म्हणजे कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक आणि ते कधी द्यायचं याचं प्रशिक्षण. लाल मणी सरकला की औषध तिथेच, त्याच दिवशी सुरू व्हायचं, आणि पुन्हा घरी जाऊन बाळ पाहिलं जायचं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या कामाचा अहवाल आला. ज्या गावांत हे उपचार पोहोचले तिथे लहान मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. १८७९च्या गोष्टीत जो सकाळचा प्रश्न राहून गेला होता, तो इथे विचारला गेला.

उपग्रह आणि मिस्ड कॉल

२००० सालाच्या आसपास आपल्याकडे 'टेलिमेडिसिन' हा शब्द वर्तमानपत्रांत झळकू लागला. आंध्र प्रदेशातलं अरगोंडा हे गाव अपोलो रुग्णालयाशी जोडलं गेलं. २००१ पासून इस्रोने उपग्रहाद्वारे दूरची रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रातही काही जिल्हा रुग्णालयं मुंबईच्या केईएमशी जोडली गेली. जिल्ह्याच्या डॉक्टरला मुंबईच्या तज्ज्ञाचा सल्ला मिळाला, छातीचा फोटो पडद्यावर दाखवता आला. काम चांगलं होतं, पण ते डॉक्टरला डॉक्टरशी जोडणारं होतं. धाप लागलेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयातल्या त्या खोलीपर्यंत जावंच लागायचं.

रुग्णाच्या घरात शिरला तो मोबाईल, आणि तोही सर्वांत स्वस्त प्रकारचा. क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सुटतात. तिथूनच औषधांना दाद न देणारा क्षय सुरू होतो. रुग्णाने रोज केंद्रावर येऊन समोर गोळी गिळायची, ही जुनी पद्धत मजुराला परवडणारी नव्हती. २०१०च्या दशकात '९९डॉट्स' नावाची युक्ती आली. गोळ्यांच्या पाकिटाला एक पुठ्ठ्याचं वेष्टण, गोळी दाबून बाहेर काढली की आत लपलेला फोन नंबर दिसतो, त्या नंबरवर फुकट कॉल द्यायचा. कोणत्या गोळीमागे कोणता नंबर आहे हे आधी ओळखता येत नाही, त्यामुळे कॉल आला म्हणजे गोळी निघाली असं संगणक धरतो. मिस्ड कॉलवर अर्धा संसार चालवणाऱ्या देशाला शोभेल अशीच कल्पना!

मग संशोधकांनी चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवीची तपासणी केली. गोळी पोटात गेली असेल तर लघवीत कळतं. निघालं असं की गोळी घेऊनही कॉल न करणारे बरेच होते, आणि कॉलची नोंद असूनही लघवीत औषध न सापडलेलेही होते. याचा अर्थ युक्ती वाया गेली असा नाही. दोनशे रुग्णांमधून आज कोणाच्या घरी जायला हवं, हे आरोग्य कर्मचाऱ्याला कळायला तिचा उपयोग होतो. पण तो कर्मचारी खरोखर घरी गेला तरच.

मशीन आहे, पण पलीकडे कोण?

हाच प्रश्न परदेशात जास्त पैसे खर्चून सोडवायचा प्रयत्न झाला. इंग्लंडमध्ये मधुमेह, हृदय आणि सीओपीडीच्या ३,२३० रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. त्यातल्या काहींच्या घरी मोजणीची यंत्रं देऊन आकडे दूरवरून पाहिले गेले. २०१२ मध्ये आलेल्या निकालात अशा रुग्णांमध्ये मृत्यू कमी दिसले. सगळे खूश झाले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधून एडिनबरा परिसरातल्या २५६ सीओपीडी रुग्णांचा निकाल आला. रोज पडद्यावर प्रश्नांची उत्तरं, रोज ऑक्सिमीटर, एक वर्षभर. या अभ्यासात तुलनेच्या गटालाही तितकीच चांगली नेहमीची वैद्यकीय सेवा मिळत होती. रुग्णालयात भरती होण्याच्या वेळेत दोन्ही गटांत फरक पडला नाही.

माझा निष्कर्ष साधा आहे. जिथे आधी विचारपूसच नव्हती, तिथे यंत्राने विचारपूस आणली आणि फायदा झाला. जिथे चांगला डॉक्टर आणि नर्स आधीच हाताशी होते, तिथे यंत्राने नवीन काही आणलं नाही. हे सगळ्या अभ्यासांना लागू पडेल असं म्हणत नाही, पण यंत्र विकायला येणाऱ्यांना मी हा प्रश्न विचारतो: आकडा बिघडला की रात्री अकरा वाजता फोन कोण उचलणार?

फोनवर उपचार करावेत की नाही, याबद्दल आपल्याकडे बराच काळ नियमच नव्हता. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर हजर नसताना दाखल रुग्णाला फोनवरून औषधं सांगितली गेली होती आणि रुग्ण दगावला होता. त्यानंतर राज्यातले पुष्कळ डॉक्टर फोनवर क्रोसिनसुद्धा सांगायला कचरू लागले. नियम आले ते २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. कोणती औषधं फोनवर सांगता येतील, कोणत्यांसाठी व्हिडिओवर पाहणं गरजेचं, कोणती मुळीच सांगायची नाहीत, आणि रुग्णाला समोर बोलावण्याचा डॉक्टरचा अधिकार, हे सगळं त्यात लिहिलं गेलं. पुढच्याच महिन्यात ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली.

नाशिक, २०२० आणि २०२१

कोविडमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. ऑक्सिजन ८५ वर आलेला माणूस खुर्चीत बसून फोनवर व्यवस्थित बोलायचा. "मला काही होत नाही डॉक्टर." नेहमीच्या दम्यात माणूस घाबरतो, घाम फुटतो, वाक्य तुटतं. इथे शरीर ओरडतच नव्हतं. म्हणजे १८७९पासून चालत आलेलं 'आवाज ऐकून सांगा' हे तंत्र इथे साफ निकामी होतं. आकडाच हवा होता.

१५ सप्टेंबर २०२० रोजी राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले. सिडकोतल्या चाळवजा घरांपासून पाथर्डी फाट्याच्या नव्या इमारतींपर्यंत कित्येकांनी आपलं बोट पहिल्यांदा या चिमट्यात घातलं ते तेव्हा. त्या ताईंचं मानधन आणि त्यांनी पत्करलेला धोका यांचा हिशोब काही जुळत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुसऱ्या लाटेत, मार्च-एप्रिल २०२१ मध्ये, नाशिक देशातल्या सर्वांत जास्त रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत होतं. खाटा मिळत नव्हत्या. घरी असलेल्या रुग्णांचे आकडे फॅमिली डॉक्टरांच्या मोबाईलवर येत होते, सकाळ-दुपार-संध्याकाळ. मी एका शंभर पानी वहीत रकाने आखले होते: नाव, आजाराचा दिवस, ताप, ऑक्सिजन, चालल्यानंतरचा ऑक्सिजन. शेवटचा रकाना सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीचा. घरातच सपाट फरशीवर सहा मिनिटं चालायचं. आकडा ९३च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला तर घरी थांबायचं नाही. दमा असलेल्यांनी ती चाचणी करायची नव्हती. ज्याचा निरोप दुपारपर्यंत आला नाही, त्याला फोन करायचा, हे काम माझ्या कंपाउंडरने चोख केलं.

आणि आकडा उतरल्यावर? २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण त्या दिवशी गेले. यातला प्रत्येक जण योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचलेला होता. बोटावरच्या आकड्याने रुग्णाला दारापर्यंत आणलं. आतली नळी, व्हॉल्व्ह, टाकी आणि ती सांभाळणारा माणूस हेही त्याच साखळीचे दुवे आहेत. दूरस्थ उपचारांवरच्या चकचकीत भाषणांत त्यांचा उल्लेख सहसा होत नाही, म्हणून इथे करतो.

त्याच काळात ऑक्सिमीटरचाही एक दोष पुढे आला. डिसेंबर २०२०च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की यंत्र ठीक आकडा दाखवत असतानाही रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. प्रकाश त्वचेतून जातो आणि त्वचेचा रंग त्यात ढवळाढवळ करतो. सावळ्या माणसांच्या देशात हे लक्षात ठेवायला हवं. यंत्र ९४ म्हणतंय पण माणूस मलूल आहे, तर माणसावर विश्वास ठेवा.

आज फोन करताना

गेल्या काही वर्षांत पुष्कळ काही आलंय. हातात धरायचं एक्स-रे यंत्र आणि फोटोतला क्षयाचा संशय सांगणारी संगणक प्रणाली डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत वापरली गेली. अशा प्रणाली बनवणारी एक कंपनी मुंबईचीच आहे. झोपेत श्वास अडणाऱ्यांच्या सीपॅप यंत्रात सिमकार्डासारखी सोय असते, रात्री मास्क किती तास लावला ते डॉक्टरला दिसतं. (काही जणांना हे कळल्यावर ते जरा नाराज होतात!)

पण तुमच्या हातात आज जे आहे ते वापरायचं कसं, ते सांगतो. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, हात गार असतील तर चोळून गरम करा, नखांवर गडद नेलपॉलिश नको. आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा आणि तोच लिहा. जुन्या सीओपीडीच्या काही रुग्णांसाठी ८८ ते ९२ हीच योग्य पातळी असते. त्यांनी शेजाऱ्याच्या ९८शी तुलना करून घरचा ऑक्सिजन वाढवू नये, त्याने गुंगी येऊ शकते.

खोकल्याचा आवाज पाठवलात तरी चालेल, पण त्यापेक्षा एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. रुग्णाला बसवा, सदरा वर घ्या, छाती-पोट दिसेल असा फोन धरा आणि त्याला बोलायला लावू नका. मी पलीकडे घड्याळ लावून श्वास मोजतो. मग रुग्णाला स्वतःचं नाव, पत्ता आणि सकाळी काय खाल्लं ते एका दमात सांगायला सांगा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त असतील, वाक्य मध्येच तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, १०८ला फोन लावा. आणि यातलं काही नसेल, मी फोनवर औषध सांगितलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत पुन्हा एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. नाही आला तर दवाखान्यातून फोन येईल, तो उचला.